जुनी बेअरिंग फेकू नका

नव्याने बांधलेलं इंजिन काही हजार किलोमीटरांतच खालून ठोके देऊ लागतं. गरम झाल्यावर आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात: जाड ऑइल टाका, नाहीतर बेअरिंगचा नवा सेट बसवा. पहिल्याने आवाज तेवढा दबतो. दुसऱ्याने पुरावाच भंगारात जातो आणि काही महिन्यांनी तेच इंजिन पुन्हा खोलावं लागतं.

बेअरिंग आपणहून क्वचितच झिजतं. चालू इंजिनात क्रँकचा जर्नल बेअरिंगला टेकत नाही. दोघांमधला ऑइलचा थर सगळा भार पेलतो. 50 मिलिमीटर व्यासाच्या जर्नलला दोघांमधली ही फट साधारण 0.03 ते 0.06 मिलिमीटर असते. बेअरिंगच्या शेलचा, म्हणजे त्याच्या अर्धगोल पाकळीचा, वरचा थर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, बारीक कण त्यात रुतावा आणि जर्नल वाचावा म्हणून. त्यामुळेच इंजिनात जे बिघडलं, त्याची खूण शेलवर उमटते.

ती खूण जागेवरून ओळखता येते. गोलाकार ओरखडे आणि रुतलेले कण दिसले, तर बोअरिंग-होनिंगनंतर ब्लॉक नीट धुतला गेला नाही किंवा ऑइल गॅलरीचे प्लग न काढताच सफाई झाली. शेलच्या पाठीवर एकच चकचकीत ठिपका असेल, तर बसवताना मागे कचरा राहिला. वरच्या शेलची एक कड आणि खालच्याची विरुद्ध कड झिजली असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असण्याचा संशय घ्यावा. पुराच्या पाण्यात बंद पडलेल्या गाड्यांत हे विशेष तपासायला हवं. मधलीच मेन बेअरिंग जास्त खाल्ली गेली असतील, तर क्रँकची सरळाई पाहावी. सगळ्याच शेलवरचा थर पुसला गेला असेल, तर ऑइलचा पुरवठा तोकडा पडला किंवा पहिल्यांदा इंजिन कोरडंच फिरलं.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते आधीच्या बिघाडाच्या कचऱ्याकडे. एकदा बेअरिंग फुटलं की धातूचा चुरा ऑइल कूलरमध्ये आणि पाइपांत अडकून बसतो. ब्लॉक कितीही स्वच्छ असला, तरी तो चुरा नव्या बेअरिंगवर येतोच. अशा वेळी कूलर बदलणंच शहाणपणाचं. ऑइल पंप उघडून पाहणंही तितकंच गरजेचं.

मोजमापाला पर्याय नाही. क्रँक 0.25 अंडरसाइझला ग्राइंड केला, एवढं तोंडी सांगणं पुरेसं नाही. प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांना मोजावा. बेअरिंगची कॅप पूर्ण टॉर्कला आवळून आतला व्यास बोअर गेजने घ्यावा. बोटाने हलवून ‘फिट बसलंय’ म्हणणं ही तपासणी नव्हे. पहिल्या स्टार्टआधी, इंजिन पेटू न देता, ऑइलचा दाब येईपर्यंत ते फिरवावं.

मालकानेही दोन गोष्टी ठामपणे मागाव्यात: कोणता शेल कोणत्या जागेवरचा, हे लिहून ठेवलेले जुने शेल आणि मोजमापांचा कागद. कारण सापडेपर्यंत नवा सेट बसवू देऊ नये. काम दोन दिवस लांबेल, पण पुन्हा क्रँक घासण्याची वेळ टळेल. आणि क्रँक घासायलाही मर्यादा असते, ती संपली की तो बदलावाच लागतो.