टॅब्लेट मरतो, की मारला जातो?

दर तीन-चार वर्षांनी नवा टॅब्लेट घेणाऱ्या गृहस्थास चैनीचा दोष लावणे हा हल्ली एक सोपा सदुपदेश होऊन बसला आहे. हा न्याय आम्हांस मान्य नाही. टॅब्लेट ही काही चारचौघांत मिरवावयाची वस्तू नव्हे. तो घरात राहतो. त्यावर आजोबा वर्तमानपत्र वाचतात, मुले अभ्यास करितात. काच शाबूत, पडदा स्वच्छ. मग तो टाकावा का लागतो?

ॲपलचा पहिला आयपॅड एप्रिल २०१० मध्ये विक्रीस आला. सप्टेंबर २०१२ मध्ये निघालेली नवी कार्यप्रणाली त्यास मिळालीच नाही. उणीपुरी अडीच वर्षे! यंत्र धडधाकट राहते, पण नवी ॲप्स त्याकडे पाठ फिरवितात. बॅटरी बहुधा आत चिकटविलेली. ती क्षीण झाली की घरच्या घरी बदलणे दुरापास्त.

कोणी म्हणेल, जुन्या यंत्रास नव्या प्रणालीचा भार पेलत नाही. असेल, हल्ली ही मुदत वाढली आहे, हेही आम्ही नाकारीत नाही. परंतु ती विकतानाच सांगावयास नको काय? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अनेक उपकरणांच्या उत्पादकांस सुरक्षा-अपडेटची किमान मुदत जाहीर करावी लागते. मात्र सिमची सोय नसलेले टॅब्लेट, म्हणजे नेमके घरगुती, त्यातून वगळले आहेत!

औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात, ती टॅब्लेटच्या खोक्यावर का नसावी? ती छापली जाईपर्यंत काटकसरीचा उपदेश ग्राहकास नव्हे, कारखानदारास करावा.