जुनी मोटार आणि निवृत्तांची प्रकृती

दौंडच्या माझ्या दवाखान्यात निवृत्त रेल्वे कर्मचारी बरेच येत. "डॉक्टर, झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, छातीत धडधडते." तपासावे तर कार्डिओग्राम ठीक, रक्तदाब बेताचा. पस्तीस वर्षे घड्याळाच्या काट्यावर चाललेल्या माणसाला सकाळी उठून जायला जागा उरलेली नसे, हेच अनेकांचे दुखणे. "हाताला काही काम शोधा," असे मी सांगे. चार वर्षांपूर्वी मी स्वतः दवाखाना बंद केला आणि हा सल्ला माझ्यावरच येऊन पडला.

शिरूर तालुक्यातल्या आमच्या मळ्यात, गोठ्याच्या पडवीत, वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड १९८६ पासून उभी होती. इंग्लंडमधील ट्रायम्फ हेराल्डची ही मद्रासला बांधलेली बहीण; आपल्याकडे ती १९६१ पासून मिळू लागली. तिकडे हेराल्डचाच सांगाडा आखूड करून १९६२ साली स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स मोटार निघाली. हेराल्डचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटते आणि सारे इंजिन मोकळे दिसते. म्हाताऱ्या कंबरेला ही सोय मोठी! घरच्यांचे मत मात्र एकच होते : भंगारात द्या.

मी दिली नाही. रोज सकाळी दोन तास काम करू लागलो. महिनाभरात झोप सुधारली. सुट्या भागांसाठी शिरूरला हेलपाटे होत, तरुण मेकॅनिकांशी गप्पा होत. रक्तदाबाच्या गोळ्या सुटल्या नाहीत, आणि छंदामुळे त्या सोडा असे मी कोणाला सांगणारही नाही.

पण वाचकहो, चूक झाली तीही सांगतो. कार्बोरेटर धुवायला मोटारसायकलमधून पेट्रोल हवे होते. पुतण्या म्हणाला, "काका, थांबा, मी बाटलीत आणून देतो." मी ऐकले नाही. तरुणपणी करीत असू तसे नळी तोंडाला लावून ओढले आणि घोट घशात गेला. जोराचा ठसका लागला. गड्याने मिठाचे पाणी आणले, ते मात्र मी परतवले. पेट्रोल पोटात गेल्यावर उलटी करवणे घातक. वर येताना ते फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनियासारखा दाह होतो. तरीही तीन दिवस इस्पितळात काढावे लागले. आयुष्यभर इतरांना सावध करणाऱ्या डॉक्टरची ही कथा!

म्हणून माझे मत असे, की निवृत्तांनी असे काम जरूर करावे. पण गॅरेजच्या जुन्या सवयी घेऊन करू नये. पेट्रोलने हात धुऊ नयेत, त्वचा फाटते. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी. जुन्या रंगात शिसे असते. तो कोरडा घासू नये, आणि नातवंडांना तेथे फिरकू देऊ नये. बंद पडवीत इंजिन चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, खाली भक्कम स्टँड हवेत. दहा वर्षांत धनुर्वाताची लस घेतली नसल्यास आधी घ्यावी.

आणखी एक. आपल्या भागात पडून राहिलेल्या गाडीत उंदीर येतात, त्यांच्यामागे घोणस येते. आसनाखाली हात घालण्यापूर्वी काठीने ठोकावे, बॅटरी मारून पाहावे. दंश झालाच तर मांत्रिक नको, चिरा नको. थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

मुलासुनांनाही एक विनंती. वडीलधाऱ्यांची जुनी मोटार, शिवणयंत्र वा रेडिओ त्यांना न विचारता भंगारवाल्याला देऊ नका. जागा अडते हे खरे. पण त्यांची सकाळ त्यात जात असते.

आमची हेराल्ड दौंडला न्यायची आहे. अजून ती न्हावऱ्यापर्यंतच गेली आहे. घाई नाही.