नागमोडी, निर्मनुष्य, नयनरम्य

दिवाळीनंतर आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी लेख येऊ लागतात. संपादनाचे काम गेली काही वर्षे माझ्या गळ्यात असल्याने ते सगळे वाचणे भाग पडते. कविता पूर्वीइतक्याच येतात, कथा रोडावल्या आहेत, आणि 'प्रवासवर्णन' या सदरात जे येते ते जवळपास सगळे मोटरसायकलवर बसून येते. चार मित्र, शनिवारची पहाट, टपरीवरचा चहा, मग जंगल, मग घाट, मग एखादा संगम किंवा धबधबा, आणि रविवारी रात्री 'पुन्हा त्याच रहाटगाडग्यात' परतणे. विद्यार्थी लिहितात तसे प्राध्यापकही लिहितात, आणि दोघांच्या लेखनात फरक असलाच तर तो शुद्धलेखनाचा असतो. या लेखांतून तीन विशेषणे कधीच चुकत नाहीत: रस्ता नागमोडी असतो, परिसर निर्मनुष्य असतो आणि दृश्य नयनरम्य असते. माझे भांडण या तीन शब्दांशी आहे. ते शैलीचे भांडण वाटेल, आणि तसे ते आहेही. पण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत शैलीचे भांडण फार वेळ शैलीपुरते राहत नाही.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो की मी स्वतः या पंथातला आहे. आम्ही चौघे आहोत, चौघांच्या मिळून तीन गाड्या आहेत, आणि थंडीच्या दिवसांत मुलच्या अलीकडच्या जंगलात पहाटे हेल्मेटच्या काचेवर धुके साचते तेव्हा जो आनंद होतो तो मला कोणत्याही चर्चासत्रात झालेला नाही. तेव्हा आनंदावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्या आनंदाने घरी आल्यावर लिहायला घेतलेल्या गद्यावर, आणि ते गद्य कौतुकाने छापणाऱ्या आपल्यासारख्यांवर.

'निर्मनुष्य'पासून सुरुवात करतो, कारण त्या शब्दाचा गुन्हा मी स्वतः केलेला आहे. काही वर्षांपूर्वी आलापल्ली ते भामरागड या साठ-पासष्ट किलोमीटरच्या रस्त्यावर मी याच वार्षिकांकात लिहिले होते. सागाची उंच झाडे, रस्त्यावर पडलेली उन्हाची जाळी, पर्लकोटेचे पात्र असे सगळे यथासांग होते, आणि मध्यावर एक वाक्य होते, की हा रस्ता मैलोन्‌मैल निर्मनुष्य आहे. अंक निघाल्यावर एटापल्ली तालुक्यातला एक माडिया विद्यार्थी, वर्गात क्वचितच बोलणारा, अंक घेऊन माझ्याकडे आला. त्या शब्दाखाली त्याने पेन्सिलीने रेघ ओढली होती.

"सर, या रस्त्यावर माझी आत्या राहते," तो म्हणाला.

मी काहीतरी सारवासारव केली. गावे रस्त्यापासून आत असतील, दुपारची वेळ होती, वगैरे. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "नाही सर. तुमच्या गाड्या येत होत्या तेव्हा लोक आत सरकले असतील. अनोळखी मोटरसायकलचा आवाज आला की सरकतात. कोण आहे ते आधी कळत नाही ना."

या वाक्याने माझा लेख रद्द केला. त्या भागात कित्येक वर्षे अनोळखी मोटरसायकल म्हणजे साध्या वेशातला पोलीस असू शकत होता, कंत्राटदाराचा माणूस असू शकत होता, 'आतल्यां'चा निरोप्या असू शकत होता, किंवा वनखात्याचा माणूस. या प्रत्येकाशी बोलण्याची किंमत वेगळी, आणि ती मोजावी लागणार ती गावात मागे उरणाऱ्याला. तेव्हा आवाज ऐकून झाडाआड होणे हे शहाणपणच. म्हणजे ज्याला मी त्या प्रदेशाचा गुण समजून विशेषण लावले, तो माझ्याच इंजिनाने घडवून आणलेला परिणाम होता. निर्मनुष्यता तिथे नव्हती. ती आम्ही बरोबर नेली होती. वास्तववादावर तासन्‌तास व्याख्याने देणाऱ्या माणसाला एवढे कळू नये?

'नागमोडी'ची गोष्ट वेगळी आहे. हा शब्द आपल्याकडे सह्याद्रीतून उसना आला. ताम्हिणी, वरंधा, माळशेज यांच्यावर पुण्या-मुंबईच्या लेखकांनी इतके लिहिले की घाटाचे एक तयार वर्णनच मराठीत रूढ झाले, आणि ते आपण इकडे जसेच्या तसे आणून चिकटवतो. आमच्याकडे घाट थोडे. कुरखेड्याहून कोरचीकडे जाताना बेडगावचा घाट लागतो. गडचांदूरहून जिवतीकडे माणिकगडाचा डोंगर चढताना काही चांगली वळणे लागतात. बाकी बहुतेक रस्ता सागा-बांबूंतून बऱ्यापैकी सरळ जातो. आमच्या चौघांतला एकजण म्हणतो त्याप्रमाणे, रस्ता सरळ होता, लेखच नागमोडी होता.

पण वळणे खरी असली तरी प्रश्न उरतोच. वळण दिसले की आपण गाडी किती झुकली ते लिहितो. रस्ता कोणी, कधी, कशासाठी काढला हे विचारत नाही. माणिकगडाच्या डोंगरातला चुनखडक सिमेंटच्या कारखान्यांत जातो. आलापल्लीचे सागवान शतकाहून अधिक काळ बाहेर जात आहे. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी याच जंगलपट्ट्यातले लाकूड २०२३मध्ये बल्लारपुरातून मिरवणुकीने रवाना झाले. बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीत गेला, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण ज्या कागदावर आपण 'निर्मनुष्य' असे लिहितो तो कदाचित त्याच बांबूचा असेल. तेंदूपान गेले. २०२१पासून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक एटापल्ली-आलापल्लीच्या रस्त्याने मोठ्या संख्येने धावू लागले, आणि सुरजागडचा डोंगर हे तिथल्या माडियांच्या ठाकुरदेवाचे ठाणे आहे. या रस्त्यांवरून काय बाहेर गेले याची यादी अशी लांब आहे. आत काय आले, याची यादी करायला बसलो की लेखणी अडखळते.

आणि रस्ता नको होता असेही नाही, हीच तर खरी गुंतागुंत आहे. सप्टेंबर २०२४मध्ये अहेरी तालुक्यातल्या एका जोडप्याला तापाने गेलेल्या आपल्या दोन मुलांचे देह खांद्यावर घेऊन आरोग्य केंद्रापासून गावापर्यंत सुमारे पंधरा किलोमीटर चालत जावे लागले. अशा माणसाला रस्ता हवा असतो, तो निसर्गप्रेमींच्या सोयीसाठी नव्हे. त्याच रस्त्याने डॉक्टर येतो, पोलीस ठाणे येते आणि खनिजाचा ट्रकही येतो. यातले एक निवडून बाकीचे परत पाठवण्याची मुभा गावाला सहसा नसते. म्हणून रस्त्याच्या कामावरची यंत्रे वर्षानुवर्षे जाळली गेली, म्हणून रस्त्यांत सुरुंग पेरले गेले. १ मे २०१९ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक अशाच स्फोटात मारले गेले. बेडगावच्या घाटाची वळणे अनुभवायला निघालेली आपली टोळी याच तालुक्यातून जाते. त्या घाटावरचे सात लेख माझ्या कपाटात आहेत. एकातही जांभुळखेड्याचे नाव नाही.

हे आत्ताच लिहावेसे वाटण्याचे कारण आहे. १ जानेवारी २०२५ला गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या मार्गावर पहिल्यांदा एस.टी. धावली, स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी. ऑक्टोबर २०२५मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. याचे राजकीय अर्थ काढणारे काढोत. माझ्या फोनवर त्याच आठवड्यात जो निरोप फिरत आला तो असा होता, की आता भीती सरली, चला, गडचिरोली 'एक्स्प्लोर' करू या. म्हणजे आणखी लेख येणार. आणि पन्नास वर्षे ज्या रस्त्यांवर तीन-तीन बाजूंनी हिशेब मागितला गेला, ते रस्ते आता तीन विशेषणांत स्वच्छ धुऊन निघणार.

यावर माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे मला पाठ आहे. अहो, आठवडाभर आपण वर्ग घेतो, मूल्यांकनाच्या फायली भरतो, रविवारी तरी मोकळे होऊ द्या. प्रत्येक फेरी काही १९८५ची भारत जोडो यात्रा असायला हवी का? नसावी. बाबा आमट्यांसोबत सायकली मारत गेलेल्या तरुणांची जिद्द माझ्यात नाही, आणि तुमच्याकडूनही मी ती मागत नाही. पण मोकळे होणे वेगळे आणि लिहिणे वेगळे. लिहिताना आपण दुसऱ्याच्या घरासमोरून गेलेलो असतो. तिथे घर नव्हतेच, असे लिहिण्याची मोकळीक कोणत्या रविवारी मिळते?

दुसरा एक पक्ष आहे, तो मला पहिल्याइतकाच नकोसा होतो. तो 'निर्मनुष्य' खोडून त्याजागी 'दुर्गम' लिहितो, 'नयनरम्य' खोडून 'उपेक्षित' लिहितो, आणि आपले कर्तव्य झाले असे मानतो. दुर्गम कुठून? भामरागडच्या माणसाला भामरागड दुर्गम नाही. त्याला मुंबई दुर्गम आहे. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना मेंढा (लेखा) लागते. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक, साल २००९. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या गावाची; आणि एप्रिल २०११मध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने आपणच देण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला तेव्हा केंद्रीय मंत्री तिथे आले होते. या गावाला 'उपेक्षित' म्हणून दया दाखवणे हा त्याचा अपमान आहे. आमच्या लेखकांच्या गाड्या तिथून ताशी ऐंशीच्या वेगाने जातात आणि पुढच्या ढाब्यावर थांबतात.

या सगळ्यात मोटरसायकलचा दोष किती? थोडा आहे. हे वाहन माणसाला हवेत ठेवते, वास देते, थंडी देते, आणि आपण या प्रदेशात 'आत' आहोत असा भ्रमही देते. चे गव्हेरा आणि त्याचा मित्र आल्बेर्तो ग्रानादो १९५२मध्ये एका जुन्या नॉर्टनवर निघाले. त्या प्रवासाची रोजनिशी, आणि तिच्यावरचा २००४चा चित्रपट, आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. त्यांच्या खोलीत भित्तिचित्र असते ते गाडीचे. पण ती गाडी चिलीत कायमची बंद पडली, आणि पुढचा बहुतेक प्रवास त्या दोघांनी पायी आणि दुसऱ्यांच्या ट्रकांवर बसून केला. चुकिकामाताच्या तांब्याच्या खाणीकडे जाताना भेटलेले कामगार जोडपे त्यांना भेटले ते या नंतरच्या प्रवासात. ते पुस्तक मोटरसायकल थांबल्यावर सुरू होते असे मी वर्गात सांगतो, आणि मुले हसतात.

आपल्याकडे तर याहून जुने आणि जवळचे उदाहरण आहे. मराठी गद्याचा आरंभ आपण लीळाचरित्रापासून शिकवतो. तो ग्रंथ मूलतः एका भटक्या माणसाच्या वाटांचा आहे. महानुभावांनी पुढे 'स्थानपोथी' रचली. कोणती लीळा नेमकी कोणत्या गावी, कोणत्या देवळाच्या कोणत्या दिशेला घडली, एवढेच ती सांगते. विशेषणांचा तिला सोस नाही. गावाचे नाव, दिशा, ओटा, झाड. परीक्षेसाठी आपण तिला 'रूक्ष' ठरवून मोकळे होतो. मला आताशा वाटते, बी.ए.च्या प्रवासवर्णनाच्या तासाला आधी स्थानपोथी वाचायला द्यावी आणि मग गाडीची किल्ली.

'नयनरम्य'बद्दल फार लिहीत नाही. डोळ्यांशिवाय इतर काही घेऊन न गेलेल्या माणसाचा तो शब्द आहे. एवढेच नोंदवतो की ताडोब्याच्या आसपासच्या आमच्या लेखांत 'वाघ मात्र दिसला नाही' असा एक लाडिक खेद असतो. मे २०२५मध्ये, तेंदूपानाच्या हंगामात, सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तो खेद छापण्याआधी आता माझा हात थांबतो.

आणि मित्रांसोबत मोटरसायकलवर जंगलातून जाणे हा शहरी शोध आहे, असेही कोणी समजू नये. दिवाळीपासून होळीपर्यंत देसाईगंज-वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यात झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम असतो. एखाद्या गावात शंकरपट किंवा मंडई असली की रात्री नाटक ठरलेले. ते दहाच्या पुढे उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. आजूबाजूच्या गावांतली पोरे-पोरी, नवी लग्न झालेली जोडपी, म्हातारेसुद्धा दुचाकीवर तिघे-तिघे बसून त्याच जंगलातून, त्याच वळणांवरून येतात आणि उजाडताना परत जातात. दिवसा त्याच मंडपाच्या बाजूने आपली टोळी 'शांत, निद्रिस्त खेडे' असे मनात टिपून पुढे जाते. खेडे निद्रिस्त असतेच. रात्रभर नाटक पाहिलेले असते.

यंदाच्या अंकासाठी सिंदेवाही तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने चार पानांचा लेख दिला आहे. भाऊ गाडी चालवतो, मध्ये वहिनी, मागे ही. वीस किलोमीटरवर नाटक. वाटेतल्या नऊ गावांची नावे आहेत. वाघाच्या भीतीने पुढे-मागे आणखी चार गाड्या धरून निघावे लागते, आणि नाल्याच्या उतारावर सगळ्यांनी मिळून हॉर्न वाजवायचा असतो, हे आहे. परतताना पंक्चर झाले ते आहे. नाटकाचे कथानक मात्र दोन ओळींत उरकले आहे, कारण दुसऱ्या अंकात तिला झोप लागली.

संपादन समितीतल्या एका सदस्याने शेरा मारला आहे: 'लेख प्रांजळ आहे, परंतु निसर्गवर्णनाची भर घालून घ्यावी.' तो शेरा मी तिच्यापर्यंत पोहोचू दिलेला नाही. लेख काल तसाच छापखान्यात गेला.