‘गुलाब’ आपल्याकडे, ‘शाहीन’ ओमानमध्ये : आखातातली आपली मुलं वादळात किती सुरक्षित?

सप्टेंबर २०२१ चा तो पाऊस आपल्याकडे अजून अनेकांना आठवत असेल. २६ सप्टेंबरला ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकले, मराठवाड्याला झोडपत, खानदेशातही पाणी पाडत गुजरातमार्गे अरबी समुद्रात उतरले. तिथे त्याला पुन्हा जोर चढला आणि नवे नाव मिळाले, ‘शाहीन’. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या अल बातिना किनाऱ्यावर आदळले. म्हणजे बापाचे शेत ज्या वादळाने इथे भिजवले, त्यानेच आठवड्याभरात तिकडे मुलाची खोली गाठली. (गुलाब हे नाव पाकिस्तानने दिलेले, शाहीन कतारने. उर्दू शाळेतल्या पाचवीच्या पोराला दोन्ही शब्द ठाऊक असतात.)

आपल्या मोहल्ल्यांतून वेल्डर, ड्रायव्हर, एसी मेकॅनिक म्हणून आखातात गेलेली मुलं कमी नाहीत. घरच्यांना काळजी असते ती उन्हाची, पगाराची. तिथे वादळ येईल, पूर येईल हे डोक्यातच येत नाही. वाळवंटात कसला पूर? पण जून २००७ मध्ये ‘गोनू’ने ओमानमध्ये सुमारे ५० जीव घेतले. मे २०१८ मध्ये ‘मेकुनू’ सलालाजवळ धडकले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला आहे की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापतोय, हे त्याचे मुख्य कारण. ही वादळे मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. आपल्याकडे कापूस वेचणी सुरू होते, तेव्हा तिकडे धोक्याचे दिवस असतात.

वाऱ्यापेक्षा पाणी जास्त माणसे मारते. ‘शाहीन’च्या वेळी अल खाबूरा भागात ३६९ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जळगावला वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या जवळपास निम्मा! मस्कतजवळच्या रुसैल औद्योगिक वसाहतीत डोंगराचा भाग कामगारांच्या निवासावर कोसळून दोघे दगावले. ते रस्त्यावर फिरत नव्हते, खोलीतच होते. सरकारने दोन दिवस सुट्टी दिली होती. पण सुट्टी मिळालेला मजूर जाणार कुठे? त्याची खोली कंपनी ठरवते, आणि स्वस्त जागा डोंगराच्या कुशीत नाहीतर नाल्याच्या काठी असते.

‘वादी’ हा शब्द इथे नीट समजून घ्या. आपल्या उर्दू शायरीतली वादी फुलांची, थंड हवेची. ओमानमधली वादी म्हणजे कोरडा नाला. वर्षभर त्यात गाड्या उभ्या असतात, पोरं क्रिकेट खेळतात. डोंगरात पाऊस झाला की तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येतो. धुळ्याच्या माणसाला हे सांगायला नको, पांझरेला पूर आला की फरशी पुलावरून गाडी घालणारे आपणही पाहिलेत. एप्रिल २०२४ मध्ये ओमानच्या समद अल शान भागात शाळेच्या मुलांना नेणारे वाहन अशाच पाण्यात वाहून गेले. ती बातमी वाचली त्या दिवशी वर्गात शिकवण्यात माझे लक्ष नव्हते.

‘शाहीन’च्या वेळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची अम्मी दोन दिवस माझ्या घरी येत होती. “सर, फोन लागत नाही.” मी विचारले, कंपनीचे नाव? माहीत नाही. खोली कुठे? “मस्कतकडे.” व्हिसा कुठला? एजंटला माहीत. तिसऱ्या दिवशी पोराचा फोन आला. वीज नव्हती, टॉवर बंद होते. अल्लाहचा शुक्र, सुखरूप होता. पासपोर्ट मात्र कंपनीच्या ऑफिसातल्या कपाटात, आणि ते ऑफिस पाण्यात.

खरी अडचण वादळाच्या आधीच सुरू होते. दहावी न झालेल्या मुलाचा पासपोर्ट ‘ईसीआर’ असतो. ओमान, सौदी, यूएईसारख्या देशांत कामाला जाताना त्याला सरकारी मंजुरी लागते आणि प्रवासी भारतीय विमा सक्तीचा असतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख. एजंट हे टाळतात आणि पोराला व्हिजिट व्हिसावर पाठवतात. मग विमा नाही, कामाचा करार नाही, सरकारी नोंद नाही. एवढ्याशा हप्त्याची बचत नाही ही, एजंटच्या सोयीसाठी आपण आपल्या मुलाचे नावच कागदावरून पुसतो. सव्वा लाख मोजणारा बाप ही पावती मागायला लाजतो, याचा मला राग येतो.

तिकडे असलेल्या मुलाला आज एक फोन करा. खोलीचे लोकेशन, कंपनीचे नाव, सुपरवायझरचा आणि शेजारच्या खोलीतल्या एखाद्या साथीदाराचा नंबर मागून वहीत लिहा. पासपोर्ट, व्हिसा, विम्याचे फोटो घरच्या फोनवर हवेत. इशारा आला की पॉवर बँक भरून ठेवणे, प्यायचे पाणी साठवणे, वादीत गाडी न घालणे, खोली सखल भागात असेल तर दिवसाउजेडीच हलणे. ओमानमध्ये तातडीचा नंबर ९९९९, यूएईत ९९९. अफवा फॉरवर्ड करण्यापेक्षा भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा. घरून सारखे फोन करून त्याची बॅटरी संपवू नका. वेळ ठरवा, मगरिबनंतर एक मेसेज, बस.

त्या मुलाची अम्मी परवा पुन्हा आली होती, धाकटा निघालाय म्हणून. यावेळी वही सोबत होती. कंपनीचे नाव लिहिलेले होते. विम्याची पावती अजून एजंटकडून यायची आहे.