खाटेचा दर ठरला, बिलाचा नाही

एप्रिल २०२१ मध्ये नवरा करोनाने गेलेल्या एका शेतमजूर बाईसोबत मी खासगी रुग्णालयाचं बिल वाचायला बसले. सरकारने २०२० मध्येच दर बांधून दिले होते. दिवसाला साधी खाट ४,००० रुपये, अतिदक्षता विभाग ७,५००, व्हेंटिलेटर लागला तर ९,०००. तिच्या बिलात खाटेचा आकडा अगदी बरोबर होता! फुगले होते ते खालचे आकडे. पीपीई किट, महागडी औषधं, सीटी स्कॅन. हे सारं त्या आदेशानेच बांधलेल्या दरांबाहेर ठेवलेलं. (एक किट घालून डॉक्टर किती रुग्ण तपासतात, हे विचारायचं तिला कुठून सुचणार?) डोरलं तोवर सावकाराकडे गेलं होतं.

दर बांधले तर रुग्णालय चालवायचं कसं, असं डॉक्टर मंडळी म्हणतात. प्रश्न खोटा नाही. जागा, वीज, यंत्रांचे हप्ते यांना पैसा लागतोच. मग तो हिशेब मांडा ना! त्यात नर्सचा आणि आयाबाईचा पगारही दिसू दे. त्यांचं पोट मारून काढलेला स्वस्त दर मला रास्त वाटत नाही.

भाजीचा भाव पटला नाही तर आपण पुढच्या गाडीवर जातो. धाप लागलेल्या माणसाला घेऊन बाई कुठे जाणार? म्हणून दर आधीच ठरायला हवा, आणि तो अख्ख्या बिलाचा हवा.

जानेवारी २०२१ पासून महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येण्याआधी आपापल्या गावातल्या दवाखान्यांच्या भिंती पाहून या.