डबा विकत घेण्याआधी वीर्यतपासणी करा

मूल होण्याची वाट पाहणारी दांपत्ये, त्यांच्या घरची वडीलधारी मंडळी, जिममधले तरुण आणि औषध दुकानदार या सर्वांना कळकळीचे आवाहन!

लग्नाला दोन वर्षे होऊनही पाळणा हलला नाही की सुनेच्या तपासण्या सुरू होतात. मुलाच्या हाती मात्र ‘ताकदीच्या’ कॅप्सूलचा डबा दिला जातो. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचेही कारण असते. तरीही त्याची एक साधी, कमी खर्चाची तपासणी राहून जाते. हे आता थांबले पाहिजे.

या डब्यांतले नेहमीचे घटक म्हणजे जस्त आणि फॉलिक अॅसिड. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर त्यांची चाचणी झाली. निम्म्या पुरुषांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम जस्त आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड दिले, उरलेल्यांना औषध नसलेली गोळी. २०२० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. मूल जन्माला येण्याचे प्रमाण जस्त-फॉलिक अॅसिड घेणाऱ्यांत ३४ टक्के, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ३५ टक्के. शुक्रजंतूंची संख्या किंवा हालचाल सुधारली नाही, पोटाच्या तक्रारी मात्र वाढल्या.

नुकसान केवळ पैशाचे नाही. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून तीन-तीन महिन्यांचे ‘कोर्स’ सांगितले जातात. असे तीन-चार कोर्स झाले की वर्ष जाते. तोवर पत्नीचे वय पुढे सरकते आणि पस्तिशीनंतर दर वर्षाला मोल असते. वृषणाच्या फुगलेल्या शिरा, बंद झालेली नलिका, हार्मोनचा बिघाड यांपैकी काहीही कॅप्सूलने बरे होत नाही. त्यांवर उपचार आहेत, पण निदान झाले तरच.

जिममधल्या मित्रांनो, तुमचा धोका याहून मोठा आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश मंदावतो आणि शुक्रजंतूंची निर्मिती थांबू शकते. संख्या अगदी शून्यावरही येते. औषध बंद केल्यावर ती पूर्ववत व्हायला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. शरीर कमावण्याच्या काही पावडरींत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे, लेबलवर त्याचा उल्लेखही नसतो.

म्हणून आजच एवढे करा :

१. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नसेल, तर दोघांनी एकाच वेळी तपासणी करा. पत्नी पस्तिशीपुढे असेल, तर सहा महिन्यांतच जा.
२. वीर्यतपासणीपूर्वी २ ते ७ दिवस संबंध आणि हस्तमैथुन टाळा. अहवाल बिघडलेला आला तर तपासणी पुन्हा करा.
३. घेत असलेली प्रत्येक पावडर, गोळी, इंजेक्शन डॉक्टरांना दाखवा. टेस्टोस्टेरॉन घेत असाल तर लपवू नका.
४. तंबाखू, गुटखा, सिगारेट सोडा. दारू आवरा, वजन आटोक्यात ठेवा.
५. पत्नीला डॉक्टरांनी दिलेले फॉलिक अॅसिड बंद करू नका. बाळाच्या मेंदू-मणक्यातील जन्मजात दोष टाळण्यासाठी ते आवश्यकच आहे.

सासू-सासऱ्यांनो, सुनेला दोष देण्याआधी मुलाला तपासणीला पाठवा. दुकानदारांनो, चिठ्ठीशिवाय हार्मोन देऊ नका. आणि नवरेमंडळींनो, या तपासणीत कमीपणा नाही. पत्नीने एकटीने सोसायचे हे दुखणे नाही. या आठवड्यातच तिच्यासोबत डॉक्टरांकडे जा.