विठ्ठलाच्या दारातल्या दोन रांगा

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष व सदस्य,
श्री विठ्ठल-रुक्मिणी मंदिर समिती, पंढरपूर



हे पत्र मी देव मानणारी बाई म्हणून लिहिते आहे. आरंभीच सांगते, कारण देवस्थानांच्या कारभाराविषयी कुणी प्रश्न विचारला की त्याला नास्तिक ठरवून विषय मिटवायची सवय आपल्याकडे रुजली आहे. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मी एकादशी करते. हरिपाठ म्हटल्याशिवाय माझी संध्याकाळ सरत नाही. विठ्ठल आहे आणि तो ऐकतो, यावर माझा विश्वास आहे. त्याला पुरावा मागावा असं कधी मनातही आलं नाही. तरीही गेली काही वर्षं मी कुठल्याच मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल ठेवलेलं नाही. पंढरीला येते, चंद्रभागेत स्नान करते, नामदेव पायरीशी आणि चोखोबांच्या समाधीशी डोकं टेकवते, कळसाला हात जोडते आणि परत फिरते. असं का, ते आपल्याला सांगायचं आहे. आपल्याकडे काही मागायचंही आहे.

माझ्या आईचं थोडक्यात सांगते. वडील गेल्यानंतर तिला एका देवस्थानात, पंढरपूरच्या नव्हे, अभिषेकाला बसायचं होतं. पावती तिच्या नावाची, पैसे तिनेच साठवलेले. गुरुजींनी विचारलं, यजमान कुठे आहेत? गेले म्हटल्यावर त्यांनी तिला बाजूला बसायला सांगितलं आणि माझ्या मामेभावाला पाटावर बोलावलं. शेजारी एक विश्वस्त उभे होते. ते काही बोलले नाहीत. आईही बोलली नाही. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिने नेहमीसारखी पूजा केली, देवांना गंध लावलं, नैवेद्य दाखवला. तिची श्रद्धा तसूभर ढळली नाही, माझीही नाही. मात्र देवाच्या आणि माणसाच्या मध्ये बसून ‘तू पुढे ये, तू मागे हो’ म्हणणाऱ्यांविषयीचा आदर माझ्या मनातून त्या दिवशी पार उतरला. पुढे बघावं तिकडे तेच दिसत गेलं. कुठे जात विचारली जात होती, कुठे पद, कुठे पैसा.

मग पत्र आपल्यालाच का? कारण देवळांनी मला निराश केलं, पण पंढरपूरच्या देवाने नाही. हा देव शस्त्र उगारून उभा नाही, कमरेवर हात ठेवून उभा आहे. ज्याला यायचं त्याने यावं आणि थेट पायांवर डोकं ठेवावं, ही इथली रीत. पदस्पर्श दर्शन म्हणतो ते हेच. मधे कुणी नसण्यावर या देवाचा सगळा लौकिक उभा आहे, आणि इतक्या जवळच्या देवापासूनच माणसांना दूर ठेवण्याचा इतिहासही इथे मोठा आहे. त्याची खूण आपल्या महाद्वारासमोर आहे. अस्पृश्य ठरवले गेलेले संत चोखामेळा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंतीखाली सापडून गेले. परंपरा सांगते की नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि पायरीसमोर समाधी बांधली. देवळाच्या आत नाही, समोर. सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा, सारं घर अभंग रचणारं, आणि सारं घर दाराबाहेर. त्यातला चोखोबांचा मुलगा कर्ममेळा मला फार जवळचा वाटतो. त्याने देवाला नाकारलं नाही. अशा कुळात का जन्माला घातलंस, असा रोकडा जाब त्याने देवालाच विचारला. देवावर विश्वास आणि देवाच्या नावाने चाललेल्या व्यवस्थेवर राग, हे दोन्ही एकाच छातीत मावतात, हे मला त्याच्या घरातून कळलं.

सहाशे वर्षांनी साने गुरुजींनी तोच जाब विचारला. हरिजनांना विठ्ठलमंदिर खुलं व्हावं म्हणून त्यांनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ला पंढरपुरात प्राणांतिक उपोषण मांडलं. गावात त्यांना जागा मिळेना, ती तनपुरे महाराजांनी आपल्या मठात दिली. दहा दिवसांनी मंदिराची पुजारी बडवे मंडळी राजी झाली आणि उपोषण सुटलं. गुरुजी देवधर्म न मानणारे नव्हते. ‘श्यामची आई’ लिहिणारा, आईच्या तुळशीवृंदावनापाशी वाढलेला तो माणूस. देव सगळ्यांचा आहे असं लहानपणापासून ऐकत आला होता, म्हणून त्या दाराशी उपाशी बसला.

त्या काळातली एक गोष्ट पंढरपुरात अजून सांगतात. अस्पृश्य म्हटले गेलेले लोक आत येणार असं ठरल्यावर काही सनातन्यांनी मंत्र म्हणून विठ्ठलाचं तेज घागरीतल्या पाण्यात उतरवून घेतलं आणि ती घागर दुसरीकडे नेली. माझ्या मते संघटित धर्माविषयी एवढी नेमकी गोष्ट दुसरी सापडायची नाही. माणसं आत येतात म्हटल्यावर देवाला बाहेर नेण्याची तयारी! ज्यांनी घागर भरली त्यांना देव हवा होता की दारावरचा हक्क? विठ्ठल घागरीत गेला नाही, हे त्यानंतर लाखो लोकांनी वारी करून सिद्ध केलं आहे. मूर्ती तीच, पाय तेच, आणि त्यावर डोकं ठेवून रडणारी माणसंही तशीच.

आपली समितीही अशाच एका लढ्यातून आली. बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांच्या वंशपरंपरागत हक्कांबद्दल तक्रारी वाढल्या, न्यायमूर्ती नाडकर्णींचा आयोग बसला, १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला, आणि कज्जे चालत चालत जानेवारी २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या हक्कांवर कायमचा पडदा टाकला. त्याच वर्षी आपण पूजेसाठी सर्व जातींच्या लोकांकडून आणि स्त्रियांकडूनही अर्ज मागवले. ती बातमी वाचली त्या दिवशी मी घरात साखर वाटली होती. इतक्या जुन्या देवळाने ‘कुणीही यावं, पूजा करावी’ म्हणणं ही लहान गोष्ट नव्हे. त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

आता माझं गाऱ्हाणं. जन्माची रांग मोडली, आणि तिच्या जागी पदाची रांग आली.

आषाढीला माणूस गोपाळपूरच्या पत्राशेडमध्ये दर्शनाच्या रांगेत उभा राहतो. पाऊस येतो, अंगावरचे कपडे अंगावरच वाळतात. वीस-वीस, तीस-तीस तास जातात. कुणाचे पाय सुजलेले, कुणाच्या पिशवीत इन्सुलिन, कुणाच्या कडेवर पोर. गाभाऱ्यात पोचल्यावर पायांवर डोकं टेकतं न टेकतं तोच ‘चला चला, पुढे व्हा’. याबद्दल तक्रार नाही. गर्दीच तेवढी असते, आणि मागे उभा असलेलाही माणूसच असतो. तक्रार वेगळी आहे. वर्षातल्या कुठल्याही दिवशी एखादा मंत्री, आमदार, अधिकारी, नट किंवा त्यांचं पत्र घेऊन आलेला कुणीतरी दुसऱ्या दाराने आत जातो आणि निवांत उभा राहतो. तो थांबतो तेवढ्या वेळात रांगेतले किती जण पुढे सरकले असते, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. यात्रेच्या गर्दीत व्हीआयपी दर्शन बंद ठेवण्याचे आदेश निघाले आहेत. म्हणजे ते बंद ठेवता येतं. मग बाकीच्या दिवशी ते कुणासाठी चालू असतं?

प्रशासनाची अडचण मला समजते. मोठ्या माणसाला गर्दीत उभं केलं तर सुरक्षेचा प्रश्न येतो, हे खरं. पण ज्याला रांगेत उभं राहता येत नाही त्याने कळसाचं दर्शन घ्यावं. वारकऱ्यांनी ही सोय कधीच लावून ठेवली आहे. दर आषाढीला हजारो माळकरी गाभाऱ्यापर्यंत न जाता कळसाला हात जोडून गावी परततात, आणि वारी पावली असंच मानतात. शेतात पेरणी अडलेली असते, घरी गुरं असतात. त्यांच्या भक्तीला ते पुरतं, तर मंत्र्यांच्या भक्तीला का पुरू नये?

महापूजेचंही तसंच. आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक पूजेला बसतात आणि रांगेतलं एक वारकरी जोडपं मानाचे वारकरी म्हणून सोबत घेतलं जातं. २०१८ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे मुख्यमंत्री पंढरपूरला आले नाहीत. रांगेतल्या त्या जोडप्याच्याच हातून महापूजा झाली. देवाला काही कमी पडलं नाही, राज्यालाही नाही. उलट, आषाढीची पूजा कुणाच्या हातून व्हावी याचं उत्तर त्या पहाटे आपोआप मिळालं होतं. पुढच्या वर्षी आपण सगळे ते विसरलो.

देऊळ बंद राहिलं तरी देव अडत नाही, हेही आपण पाहिलं आहे. २०२०च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीने आल्या, वाटा ओस पडल्या, गावोगावच्या माणसांनी घरातच टाळ वाजवले. मंदिरं त्या वर्षी नोव्हेंबरात उघडली. मधले महिने माझ्यासारखीला मुळीच कोरडे गेले नाहीत. म्हणून मी मंदिरावर रुसून देवाला अंतरले आहे, अशी माझी कीव कुणी करू नये. माझं दुःख निराळं आहे. एकट्या घरात मिळतो तो देव मला पुरतो, पण वारीत मिळतो तो देव त्याहून मोठा आहे. अनोळखी बाई माझ्या पाया पडते आणि मी तिच्या, तेव्हा जे होतं ते देवघरात होत नाही. त्यासाठी माणसं लागतात, वाट लागते, एक गाव लागतं. मला धर्मातून बाहेर पडून मोकळं व्हायचं नाही. मला ते गाव परत हवं आहे.

आणखी एका गोष्टीने जीव तुटतो. हल्ली काही कीर्तनांत नामापेक्षा द्वेषच जास्त ऐकू येतो. अमुक समाजाच्या दुकानातून घेऊ नका, तमुकांना वाटेत उभं करू नका. तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे अभंग-आरती होते आणि मग पुढे जाते. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्या संतांच्या मांदियाळीत आहेत. हे ठाऊक असलेला माणूस व्यासपीठावरून असं कसं बोलतो? आपल्या अखत्यारीत जिथे जिथे कीर्तन होतं, तिथे तरी हे चालणार नाही असं आपण स्पष्ट सांगावं. आपण गप्प राहिलात तर त्याचा अर्थ संमती असाच घेतला जाईल.

पंढरपुरातच दुसरी परंपराही आहे, आणि ती मला धीर देते. देव एक आहे, पण मूर्ती आणि पुरोहित नको, असं म्हणणाऱ्या प्रार्थना समाजाने १८७५ मध्ये इथे अनाथ बालकांचा आश्रम काढला. त्या काळी विधवांना लपूनछपून बाळंत व्हायला तीर्थक्षेत्री आणून सोडत, आणि त्या लेकरांचं काय व्हायचं ते सांगवत नाही. कळसाच्या सावलीत टाकलेल्या त्या पोरांना उचलून घेणारे लोक देवळात जात नव्हते. गाडगेबाबा वारीच्या गर्दीत हातात खराटा घेऊन याच गावचे रस्ते झाडत. दाराबाहेर ठेवलेल्यांसाठी त्यांनी इथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, आणि ती १९४९मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबासाहेबांनी नाशिकच्या काळारामाच्या दाराशी १९३०पासून वाट पाहिली होती, आणि शेवटी हा धर्मच सोडला. एवढा मोठा माणूस निघून गेला, त्याची जबाबदारी देवावर नाही. दार लावून बसलेल्यांवर आहे.

म्हणून आपल्याला विनंती करते. व्हीआयपी दर्शन वर्षभरासाठी बंद करावं. वेगळी वाट फक्त अपंग, आजारी, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी असावी, आणि तिच्यासाठी कुणाच्या शिफारशीचं पत्र लागू नये. महापूजेचा मान रांगेतल्या वारकऱ्यांना द्यावा. मुख्यमंत्र्यांना यायचंच असेल तर त्यांनी त्या दोघांच्या मागे बसावं. २०१४मध्ये स्त्रियांनी जे अर्ज केले त्यांचं पुढे काय झालं, आज पूजेला किती स्त्रिया आहेत, हे जाहीर करावं. आणि आपल्या मंदिरात कुठल्याही पूजेला बसणाऱ्या बाईला तिचा नवरा कुठे आहे हे कुणीही विचारणार नाही, असा लेखी ठराव करावा. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. समितीची एक बैठक पुरेल.

उत्तर मला पाठवायची गरज नाही. आषाढीच्या आधी ते पत्राशेडमध्ये मोठ्या अक्षरांत लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ध्वनिक्षेपकावरूनही सांगा.

आपली,
एक माळकरी